कळकीच्या ओढ्यावरची हाक

पौडच्या बाजारात कमरुद्दीनचं दुकान आहे. लग्नाला, जत्रेला, निवडणुकीला भोंगे भाड्यानं द्यायचे हा मूळ धंदा. मधल्या वेळात मिक्सर, पंखे, मोबाइल, जे समोर येईल ते दुरुस्त करायचं. उभ्या तालुक्याला ओरडायची सोय करून देणारा हा माणूस स्वतः मात्र कायम मिठाची गुळणी धरून. गिऱ्हाईकानं आपलं सगळं गाऱ्हाणं सांगून संपवावं तेव्हा याच्या तोंडून एक 'हं' निघणार, आणि तोही ऐकणाऱ्याला भास वाटावा इतका बारीक.

त्याच्या वाटणीचं बोलणं त्याची बायको परवीन बोलायची. ती आशा सेविका होती. बाळंतिणी, तापाचे पेशंट, पोलिओचे डोस, सगळं तिच्या गळ्यावर चालायचं. तिच्याकडं ज्या वाड्या होत्या त्यांत कळकीची वाडी सगळ्यांत आडवळणाची, धरणाच्या मागल्या अंगाला, ओढ्यापलीकडं. पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला की वाडीचा जगाशी संबंध तुटायचा. मग परवीन अलीकडच्या काठावर छत्री घेऊन उभी राहायची आणि तिथूनच दवाखाना चालवायची. "ओऽ कमळ! गोळ्या संपल्या का गं? पोरीचा ताप उतरला का?" वाडीच्या शेवटच्या घरातली म्हातारीही तिला घरात बसून उत्तर द्यायची. "तुझ्यापायी माझा धंदा बसणार एक दिवस," असं कमरुद्दीन कधी नव्हे ते बोलायचा, आणि मग दोघंही हसायची. मुलगा अरहान हिंजवडीत कामाला लागला, तिथंच जांबे गावात खोली घेऊन राहू लागला, तेव्हापासून घरात ही दोघंच होती.

दोन वर्षांमागं दहावीतल्या दोन पोरी दुकानात आल्या. एक जुईली, पौडचीच. दुसरी प्राजक्ता, कळकीच्या वाडीची, भिकूबाबाची नात; शाळेसाठी पौडला मावशीकडं राहायची. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांना ओढ्याचं पाणी मोजणारं यंत्र करायचं होतं. डोंगरावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा अचानक चढतो, आणि साकवावरचं माणूस किंवा जनावर गाठतो. ते आधी कळलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब.

सामान जमायला लागलं. काडेपेटीएवढा एक बोर्ड, तो यंत्राचा मेंदू. सोलरची प्लेट, जुन्या स्कूटरची बॅटरी, आवाज साठवायला नखाएवढं मेमरी कार्ड. आणि सेन्सर. हा साकवाच्या खालच्या अंगाला बसवायचा, तो खाली पाण्याकडं आवाज सोडणार, आणि आवाज आपटून किती वेळात परत येतो त्यावरून पाणी किती चढलं ते ओळखणार. पोरींनी पुण्याच्या बुधवार पेठेतून जो सेन्सर आणला होता त्याला दोन गोल डोळे होते. मुळशीच्या हवेत दोन दिवसांत त्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला. शेवटी कमरुद्दीननं गॅरेजवाल्याकडून मोटारीच्या मागच्या बंपरला असतो तो रिव्हर्सचा सेन्सर मिळवला. तो चिखलापाण्यात राहायला जन्मलेलाच. वायरिंगच्या प्लॅस्टिक डब्यात सगळं बसवलं, फटी एम-सीलनं बुजवल्या, ओल ओढून घ्यायला आत तांदळाची पुरचुंडी टाकली.

आता भोंग्यातून काय वाजवायचं? जुईलीनं सायरन बसवला होता. प्राजक्ता म्हणाली, "वाडीत सायरन वाजला तर माणसं पोलिसांची जीप बघायला खाली येतील. त्यापरीस माणसानं बोललं पाहिजे." आणि ओढ्यावरून वाडीशी बोलणारं माणूस तालुक्यात एकच होतं.

परवीननं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं: "ओऽ पोरांनो, वढ्याला पाणी चढलंय! पलीकडं हाय त्यानं तितंच थांबा, कुणी उतरू नका! दोर घिऊन या रं कुणीतरी! ऐकलं का गं, कमळ?" शेवटचं वाक्य सवयीनं निसटलं. पोरी हसून लोळल्या, आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. प्रदर्शनात पहिला नंबर एका ज्वालामुखीला गेला, त्याचा पोरींना राग आला. पण हिवाळ्यात यंत्र खरोखरच साकवावर बसलं. भोंगा वाडीकडं तोंड करून. आवाज आला की दोन गड्यांनी दोर घेऊन खाली धावायचं, असं वाडीत ठरलं.

पुढच्याच एप्रिलच्या सुरुवातीला परवीन गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, आणि रिक्षात, पिरंगुटच्या अलीकडंच, कमरुद्दीनच्या खांद्यावर मान टाकली. दफनाला कळकीची अख्खी वाडी आली होती. भिकूबाबा कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर टोपी हातात घेऊन सगळं आटपेपर्यंत उभा होता.

चाळिसावा झाला आणि दोन दिवसांनी प्राजक्ताचा फोन आला. "चाचा, पाऊस लागायच्या आत एकदा डबा उघडून बघता का? मुंग्या गेल्या असतील." शुक्रवार होता. नमाज उरकून कमरुद्दीन स्कूटरवर ओढ्याकडं गेला. ओढा कोरडा ठणठणीत, दगड तापलेले, काठाला कळकाच्या बेटात पानं खडखडत होती. डब्यात मुंग्या होत्याच. त्यानं त्या झाडल्या, तांदूळ बदलले, आणि सगळं चालू आहे ना बघावं म्हणून सेन्सरखाली एक फळी धरली. फळी म्हणजेच चढलेलं पाणी असं यंत्राला वाटलं.

"ओऽ पोरांनो..."

आवाज येणार हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठीच तर फळी धरली होती. तरी तो तापलेल्या दगडावर मटकन बसला. निरोप संपला. कळकाची पानं पुन्हा वाजायला लागली. बऱ्याच वेळानं तो उठला, आणि त्यानं फळी पुन्हा धरली.

घरी तिचे फोटो होते. फोनमध्ये तिचे निरोपही होते, येताना कोथिंबीर आणा, गॅस संपलाय, असले. पण ते ऐकताना ती गेली हे आधी कळायचं, आवाज मागून. ओढ्यावर तसं नव्हतं. ओढ्यावर ती कामावर होती. लोकांवर खेकसत होती, कमळचं नाव घेत होती, श्वास घ्यायला मध्येच थांबत होती. त्या एवढ्याशा थांबण्यासाठी कमरुद्दीन पुढच्या शुक्रवारी परत गेला. मग त्याच्या पुढच्या. एका शुक्रवारी निरोप संपल्यावर कळकाच्या बेटात कुणीतरी पाऊल मागं घेतल्यासारखं वाजलं. त्यानं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि तिथं नुसता कळक असता, तर ते त्याला सहन झालं नसतं.

वाडीला त्रास नको म्हणून त्यानं एक शहाणपण केलं. भोंग्याच्या तोंडात स्वतःचा टॉवेल कोंबला. आवाज दबला, आता लांब जाणार नाही, असं त्याला वाटलं. अख्खी हयात भोंग्यांत घालवलेल्या माणसाला एवढं कळू नये? कोंबलेल्या भोंग्यातून शब्द जात नाहीत, पण आवाज जातो, आणि तो मातीखालून आल्यासारखा जातो. दुःखात माणूस आपल्या कानानं ऐकतो, पलीकडच्याच्या नाही, हेच खरं. तो आपला काठावर बसून ऐकत होता आणि निघताना टॉवेल काढून घेत होता.

जून गेला, श्रावण आला. एका दुपारी अंधारून आलेलं असताना जुईली आणि प्राजक्ता दुकानात आल्या. दोघी भिजलेल्या, आणि प्राजक्ताचे डोळे सुजलेले.

"चाचा, काल पाणी चढलं. यंत्र बोललं. बरोबर वेळेला बोललं," जुईली म्हणाली.

"मग?"

"वाडीतलं कुणीच आलं नाही."

कमळचा नवरा सुनील दोन शेळ्या घेऊन साकवावर चढला होता. मध्यावर असताना पाण्यानं त्याला उचललं. शेळ्या गेल्या. तो खालच्या उंबराच्या मुळीला धरून लोंबकळला, खांदा निखळलेला, आणि ओरडत राहिला. आवाज ऐकून दोर घेऊन धावायच्या ऐवजी वाडीनं धडाधड दारं लावून घेतली होती. त्याच्या ओरडण्यालाही कुणी दार उघडलं नाही. प्राजक्ता रक्षाबंधनाला म्हणून घरी आली होती. तिनं आजोबाच्या हाताखालून कडी काढली, दोर घेऊन धावली, आणि तिच्या मागं तिचा चुलता धावला, म्हणून सुनील वाचला.

"आमचं काय चुकलं तेच कळत नाही," प्राजक्ता म्हणाली. "आजोबा काही सांगत नाहीत. यंत्र काढून टाका एवढंच म्हणतात."

कमरुद्दीननं खुंटीवरच्या टॉवेलकडं पाहिलं. दुकान बंद करून पोरींबरोबर निघाला.

सुनीलच्या घरात सुनील भिंतीला टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. कमळ चुलीपाशी पाठमोरी. भिकूबाबा उंबऱ्यात बसला होता, तो कमरुद्दीनला बघून थोडा सरकला. चहा आला. तो पिऊन झाला.

मग भिकूबाबा म्हणाला, "मेलेल्या मानसानं हाक मारली तर वो द्यायची न्हाई, कमरूभाई. जितं मानूस तीनदा हाक मारतं. मेलेलं येकदाच. आन् वो दिली का संगट घिऊन जातं. ह्ये आमच्यात पहिल्यापास्नं हाय."

"पण ते यंत्र होतं, बाबा," कमरुद्दीन म्हणाला. "नातीनं सांगितलं होतं तुमाला."

"सांगितलं व्हतं. आमी बी यंत्रच म्हनलं आसतं. पन वढा कोरडा, दगडं तापल्याली, आन् बाई म्हनतीया पानी चढलंय. मागनं तर जिमिनीखालनं. उन्हाळाभर, दर सुक्रवारी." म्हाताऱ्यानं कमरुद्दीनकडं पाहिलं. "यंत्राला वार कळतो व्हय?"

चुलीपाशी कमळ वळली. "माझं नाव घ्यायची भाई, ती. शबूद कळायचे न्हाईत, पन नाव कळायचं. माझ्याच का मागं लागलीया? मी काय केलं तिचं? मी कानात बोळं घालून बसायची. काल बी तशीच बसली." तिनं फुंकणी खाली आपटली. "दाराला पाठ लावून बसली. आन् ह्ये तिकडं वरडत व्हतं."

कमरुद्दीननं मान खाली घातली. सगळं त्याला कळलं होतं. तरीही पहिलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. माणूस बुडताना काडीलाही सोडत नाही.

"तीनदा बोलायला लावू," तो म्हणाला. "जुईली लगेच करंल. जितं माणूस तीनदा हाक मारतं ना? तीन हाका झाल्या म्हणजे भ्यायचं कारण न्हाई. आवाज तोच ठेवू."

"तिसऱ्या हाकंपोतर थांबायचं?" कमळ म्हणाली. "तवर ह्ये उंबराला तरी घावलं आसतं का?"

चुलीतलं लाकूड फुटलं. मग कमरुद्दीन म्हणाला, "उन्हाळ्यात ती नव्हती. मी होतो. मी फळी धरत होतो. तिला ऐकायला."

जुईलीनं प्राजक्ताचा हात धरला. सुनीलनं त्याच्याकडं पाहिलं आणि सरळ म्हणाला, "म्हंजी माझा हात तुमी मोडला."

"व्हय."

"शेळ्या बी तुमीच न्हेल्या."

"व्हय रं."

सुनीलला पुढं काहीतरी लागट बोलायचं असावं, पण समोरचा माणूस सगळंच कबूल करायला बसलाय म्हटल्यावर भांडणार तरी कुणाशी? त्यानं तोंड फिरवलं. कमळनं पदर डोळ्यांना लावला. ती सुनीलसाठी रडत होती की परवीनसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही बाळंतपणं तिची परवीननंच काढली होती.

भिकूबाबाला मात्र या कबुलीनं हलकं वाटलं नाही, उलट त्याचा चेहरा आणखी ओढला गेला. "ह्ये लई वंगाळ केलंस," तो म्हणाला. "गेलेलं मानूस आपनहून येत न्हाई. मागलं मानूस वढतं तवा येतं. यंत्र का काय आसंल त्ये आसंल, तू तिला हितं बांधून घातलीस. नुसता आवाज पुसून ती जायची न्हाई. तिला वो द्याया लागंल. ऐकलं, काम झालं, जा म्हनाया लागंल."

"वो दिली तर नेते म्हणता ना?" जुईलीनं विचारलं.

"यकल्यानं दिली तर न्हेती. समद्यांनी संगट दिली तर कुनाकुनाला न्हेनार? जिती व्हती तवा बी येका टायमाला येकालाच दवाखान्यात न्यायची."

कमरुद्दीनला हे पटणारं नव्हतं. गेलेला माणूस हाका मारत फिरत नाही, त्याच्यासाठी दुवा मागायची असते, एवढं तो लहानपणापासून शिकला होता. पण गेले तीन महिने तो दुवा मागायला जात नव्हता, फळी धरायला जात होता. आणि समोर सुनीलचा हात गळ्यात बांधलेला दिसत होता. तो 'बरं' म्हणाला.

नवा आवाज कमळचा घ्यायचं ठरलं. तिनं आढेवेढे घेतले, माझा आवाज कोन ऐकतंय म्हणाली. सुनील म्हणाला, "मी रोज ऐकतो, तालुक्यानं बी ऐकावा की." कालपासून पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी हसलं. जुईलीनं तिथंच मोबाइल धरला आणि कमळनं एकदा अडखळून, एकदा नीट, पाणी चढल्याची वर्दी दिली.

उघडीप पाहून सगळी वाडी ओढ्यावर उतरली. ओढा फुगलेला होता, पण साकवाच्या बराच खाली. जुईलीनं नवं कार्ड तयार ठेवलं होतं. कमरुद्दीनजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "चाचा, जुन्या कार्डातला आवाज तुमच्या मोबाइलवर टाकून देते. एक मिनिट लागेल."

कमरुद्दीननं मोबाइल खिशातून काढला. तिच्या हातात द्यायला पुढंही केला. मग परत घेतला.

"नको," तो म्हणाला. "घरी नेला तर मी तिथंही फळी धरत बसंन."

तो साकवाच्या कडेला गुडघ्यांवर बसला. मागं वाडी उभी होती, बायका पुढं, पोरं त्यांच्या पदराला, सुनील हात बांधून, भिकूबाबा सगळ्यांच्या मध्ये. भीती त्यांना होतीच. नुसत्या एका म्हाताऱ्याच्या शब्दावर ती आलेली माणसं होती. कमरुद्दीननं फळी सेन्सरखाली सरकवली. दुसऱ्या हातानं त्यानं स्वतःचं मनगट घट्ट धरलं.

"ओऽ पोरांनो, वढ्याला पाणी चढलंय!"

भोंग्यात आज टॉवेल नव्हता. आवाज खणखणीत पलीकडं गेला, घरांवर आपटला आणि परत आला. एक पोर घाबरून रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं नाही, नुसतं उचलून घेतलं. पलीकडं हाय त्यानं तितंच थांबा. कुणी उतरू नका. दोर घिऊन या रं कुणीतरी. मग ते श्वास घ्यायला थांबणं आलं.

"ऐकलं का गं, कमळ?"

कमळनं पदर तोंडाशी धरला. भिकूबाबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हन," तो म्हणाला, "आमी हाय की संगट."

"ऐकलं, परवीनबाई," कमळ म्हणाली. आणि तिच्या मागून सगळी वाडी, बायका, गडी, पोरं, एका दमात म्हणाली, "ओऽ!"

"काम झालं, बाई," भिकूबाबा ओढ्याकडं बघून म्हणाला. "आता जा."

लोक वळले. मागं बघायचं नव्हतं, म्हणून एकामागं एक खाली मान घालून वाडीची चढण चढायला लागले. जुईलीनं डबा उघडून जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, आणि ती प्राजक्ताच्या मागून निघाली. कमरुद्दीन तसाच गुडघ्यांवर होता, हातात फळी. त्या निरोपात पोरांना हाक होती, दोर आणणाऱ्याला होती, कमळला होती. त्याचं नाव त्यात कुठंच नव्हतं. तो हे पहिल्या शुक्रवारपासून जाणून होता.

सगळ्यांची पाठ फिरेपर्यंत तो थांबला. मग त्यानं एकट्यानं ओ दिली.